पाळकीय सेवेत अपयश आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत नेमकं काय करावं?

गोदाकाठ (प्रश्न)

सर्वांना सलाम. आमच्या भागातल्या नव्या पाळकांची अर्ध्या दिवसाची बैठक ठरते आहे आणि विषय आहे सेवेतलं अपयश. सेमिनरीतून (पाळकांच्या प्रशिक्षण-विद्यालयातून) बाहेर पडून पहिली मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, हातात आली की हे कधी ना कधी वाट्याला येतंच. तेव्हा बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: प्रार्थना करा, प्रभू पाहून घेईल. सल्ला खोटा नाही, पण सोमवारी सकाळी उठल्यावर काय करायचं ते त्यातून कळत नाही.

चर्चेसाठी तीन प्रसंग घेतले आहेत. पहिला, दोन-तीन वर्षं खपून चालवलेली वस्तीवरची घरसभा बंद पडली. दुसरा, मंडळीतल्या दोन घराण्यांचा वाद मिटवायला पाळक गेला आणि वाद चिघळला. एक घराणं मंडळी सोडून गेलं. तिसरा, दवाखान्यातल्या एका आजीबाईंना भेटायचं आज-उद्या करता राहून गेलं आणि त्या प्रभूकडे गेल्या.

दर रविवारी कृपेवर बोलणाऱ्या माणसाला अशा वेळी तीच कृपा स्वतःसाठी घेता येत नाही, हे खरं दुखणं आहे. त्यासाठी पावलं कोणती? मंडळीला किती सांगायचं? रविवारचा उपदेश कसा निभवायचा? मोघम नको, फळ्यावर लिहिता येईल असं हवं.

जैतुनाची डहाळी

सलाम गोदाकाठ. तिन्ही प्रसंग एकाच नावाखाली घेऊ नका. बैठकीचा पहिला तास यातच गेला तरी चालेल. ‘मी अपयशी ठरलो’ असं पाळक म्हणतो तेव्हा त्यात चार निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: पाप, चूक, मर्यादा आणि न आलेलं फळ. पापाला कबुली आणि पश्चात्ताप हवा. चूक दुरुस्त करावी लागते. मर्यादा, म्हणजे एका माणसाच्या अंगावर चार गावं, तिथे कामाची वाटणी हवी. आणि पेरूनही जे उगवलं नाही त्याचा शोक करायचा असतो, माफी मागायची नसते. घोळ होतो तो इथेच. न उगवलेल्या बियाण्याची पापकबुली माणूस वर्षभर देत राहतो, आणि जिथे खरोखर क्षमा मागायला हवी होती तिथे ‘फार दगदग झाली होती’ म्हणून सुटतो.

रीत साधी आहे. एक फुलस्केप कागद घ्यावा. वरच्या भागात काय घडलं ते पाच-सहा ओळींत लिहावं, आणि त्यात एकही विशेषण नको. ‘घरसभेचा बोजवारा उडाला’ असं नाही, तर ‘जूनमध्ये सात कुटुंबं येत होती, फेब्रुवारीत दोन येत होती, ज्यांच्या घरी सभा भरायची ते कामासाठी चाकणला गेले’ असं. खाली चार रकाने आखून प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात बसतं ते ठरवावं. हे एकट्याने करू नये. अपराधी मन सगळं पहिल्या रकान्यात टाकतं आणि दुखावलेला अहंकार सगळं चौथ्यात ढकलतो. सोबत दुसऱ्या मंडळीचा एखादा मुरलेला पाळक हवा. आपल्याच मंडळीतले वडीलजन, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ सभासद, या कामाला नकोत. आपल्याच पाळकाचा निवाडा करायला बसवल्यासारखं त्यांना होतं, आणि पुढच्या सभेत दोघांनाही एकमेकांकडे बघवत नाही.

आकड्यांबद्दल एक सांगतो, कारण उपस्थिती घटली की पाळक आधी स्वतःला दोष देतो. शेवगाव, पाथर्डी, पुढे आष्टी-पाटोदा या पट्ट्यात दसरा-दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते ती मार्च-एप्रिलपर्यंत येत नाही. तिथे नोव्हेंबरची हजेरी ऑगस्टच्या हजेरीशी ताडली तर निष्कर्ष खोटाच निघणार. मागच्या नोव्हेंबरशी ताडा. नाताळ, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार धरू नका. मग हजेरीवही समोर ठेवून येईनासे झालेल्यांची नावं काढा आणि प्रत्येकासमोर कारण लिहा: मृत्यू, लग्न होऊन सासरी, नोकरी-शिक्षणासाठी पुणे-मुंबई, दुसरी मंडळी, कुठेच जात नाहीत. पाळकाने स्वतःला प्रश्न विचारायचा तो फक्त शेवटच्या दोन गटांबद्दल. पुष्कळदा तो आकडा वाटला होता त्याहून बराच लहान निघतो.

आता कृपा घेण्याबद्दल. पहिल्या रकान्यात जे उतरलं ते त्या दुसऱ्या पाळकासमोर मोठ्याने वाचायचं. याकोबाच्या पत्रात (5:16) एकमेकांजवळ पापं कबूल करा असं आहे; पाळकाला त्यातून सूट दिलेली नाही. ऐकणाऱ्याने त्या वेळी सल्ला द्यायचा नाही, ‘सगळ्यांचंच होतं’ असंही म्हणायचं नाही. 1 योहान 1:9 किंवा स्तोत्र 130 वाचायचं आणि समोरच्याचं नाव घेऊन सांगायचं की ख्रिस्तात तुझी क्षमा झाली आहे. नाव घेणं गाळू नका. कबरेजवळ स्त्रियांना मिळालेला निरोप मार्कात (16:7) ‘त्याच्या शिष्यांना व पेत्राला’ असा आहे. येशूला तीनदा नाकारलेला पेत्र शिष्यांत धरलेला होताच, तरी त्याचं नाव वेगळं घेतलं.

एक सवय कायमची लावून घेण्यासारखी आहे: महिन्यातून एकदा पाळकाने प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) दुसऱ्याच्या हातून घ्यावं. शेजारच्या पाळकाशी एका रविवारची उपासना बदलून घ्या किंवा दुसऱ्या मंडळीत शेवटच्या बाकावर जाऊन बसा. जो नेहमी वाढतो त्याला पंगतीत बसायची सवय राहत नाही.

दुसरा मैल

वरच्या उत्तराशी सहमत, पण क्रम बदलून सांगेन. कागद दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात झोप आणि जेवण.

1 राजे 19 बैठकीत सबंध वाचून घ्या. कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला आधी काय देतो पाहा: झोप. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. कानउघाडणी नाही, शिकवण नाही. प्रश्न विचारला जातो तो चाळीस दिवसांनी, होरेबवर: ‘एलीया, तू येथे काय करीत आहेस?’ तोही दोनदा, आणि दोन्ही वेळा एलीया शब्द न बदलता तीच तक्रार करतो. देव त्याला तोडत नाही. नंतर तीन कामं देतो: हजाएलाचा अभिषेक, येहूचा अभिषेक आणि अलीशाचा. यांतलं अलीशाला बोलावण्याचं एकच काम एलीयाच्या हातून झालं. हजाएल आणि येहू यांचं काम पुढे अलीशाच्या काळात पुरं झालं (2 राजे 8 आणि 9). नव्या पाळकांना हा भाग जरूर दाखवा. आपल्या हयातीत काम पुरं झालं नाही म्हणजे पाचारण खोटं होतं, असा अर्थ होत नाही.

योहान 21 मध्येही तेच. पेत्राला तीन प्रश्न विचारले गेले ते न्याहारी झाल्यावर.

व्यवहारात याचा अर्थ असा. पहिले सात दिवस रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत, दोन वेळचं जेवण वेळेवर, रोज अर्धा तास चालणं. संध्याकाळच्या घरभेटी आठवडाभर वडीलजनांनी वाटून घ्यायच्या. अंत्यविधी आणि अत्यवस्थ रुग्ण एवढेच अपवाद. सुट्टीचा वार ठरलेला नसेल तर तो ठरवून पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) इतिवृत्तात लिहून घ्यायचा, तोंडी ठरलेली सुट्टी टिकत नाही.

राजीनामा, बदलीचा अर्ज, नव्या उपक्रमाची घोषणा: सहा आठवडे यांतलं काहीही नाही. रविवारच्या रात्री तर कागद-पेनाला हातच लावू नये. तीन उपासना आणि दोन सभांनंतर माणूस रिकामा झालेला असतो आणि त्या रिकामेपणाला तो देवाची वाणी समजतो.

आता महत्त्वाचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, भूक मरणं, कशातच रस न वाटणं, लहानसा निर्णयही न होणं, ‘मी नसलो तर बरं’ असं वाटणं, हे असेल तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. विश्वास कमी पडला असं कुणीही म्हणू नये, पाळकाने स्वतःशीही नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. जीव देण्याचा विचार बोलून दाखवला गेला तर त्या माणसाला एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

इंग्रज उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांचं उदाहरण द्या. 19 ऑक्टोबर 1856 ला लंडनच्या सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये त्यांच्या सभेत कुणीतरी ‘आग’ अशी खोटी आरोळी मारली, चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. स्पर्जन तेव्हा 22 वर्षांचे होते. त्यानंतर नैराश्याने त्यांचा पाठलाग कधीच पूर्ण सोडला नाही, आणि उत्तरायुष्यात प्रकृतीसाठी ते हिवाळ्यात फ्रान्समध्ये मेंतोनला जाऊन राहत. एवढा मोठा उपदेशक विश्रांतीसाठी मंडळीपासून दूर जात होता आणि मंडळी ते मान्य करत होती. आपल्याकडच्या मंडळ्यांनी ही दुसरी बाजूही ऐकायला हवी.

घरभेट

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रसंगाबद्दल लिहितो. तिथे माणसं दुखावलेली आहेत आणि पाळकाचं मन सावरलं म्हणजे काम झालं असं नाही.

अपयशानंतर पाळकाच्या वहीत काही घरं आपोआप मागे पडतात. त्या गल्लीतून जायचं टळतं, रविवारी हात मिळवताना नजर चुकते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात टाळलेल्या घरांची यादी करावी. पाच-सात नावं निघतील. सगळ्यात जड वाटणारं घर पहिलं. सोबत एखादे वडीलजन असावेत, पण बोलायचं पाळकाने. वीस मिनिटं पुरे.

आजीबाईंच्या घरी काय बोलायचं? असं बोलू नये: ‘माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा.’ यात ‘असेल तर’ आलं की ऐकणाऱ्याला आपलं दुःख सिद्ध करावं लागतं. असं बोलावं: ‘आजी दवाखान्यात होत्या हे मला माहीत होतं. मी यायला हवं होतं. आलो नाही. त्यांची प्रभुभोजनाची इच्छा राहून गेली याचं मला वाईट वाटतं. मी तुमची क्षमा मागतो.’ आणि मग गप्प बसावं. कामाचा व्याप, गाडी पंक्चर, वाय.एम.सी.ए.ची मीटिंग, यांतलं काहीही नाही. घरचे रागावले तर रागावू द्यावं. ‘तुम्ही क्षमा केली पाहिजे, वचनात आहे’ हे तर कधीच नाही. ते वचन त्या दिवशी त्यांना सांगायचा हक्क पाळकाला नाही. प्रार्थना करू का म्हणून विचारावं, नको म्हणाले तर उठावं. महिन्याभराने परत जावं, आणि पुढे पुण्यस्मरणाची तारीख डायरीत लिहून त्या दिवशी न बोलावता जावं.

दुरुस्तीही हवी, नाहीतर क्षमा मागणं कोरडं राहतं. दवाखान्यातल्या सभासदांची यादी मंडळीच्या सचिवाकडे असावी, पाळकाच्या डोक्यात नको. नाव, वॉर्ड, दाखल झाल्याची तारीख, कोण भेटलं, केव्हा. दाखल झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत कुणीतरी जाऊन आलंच पाहिजे. पाळकाला जमत नसेल तर महिला मंडळाच्या दोघीजणी. पाळकाच्या विसरण्यावर आजारी माणसाचा दिलासा अवलंबून ठेवणारी मंडळी ही मुळातली चूक आहे.

घराण्यांच्या वादात नेहमीची चूक ही की पाळक एका घरी चहा घेऊन तिथलं ऐकतो आणि दुसऱ्या घरी निरोप घेऊन जातो. निरोप्या झाला की मध्यस्थी संपली. दोन्हीकडे वेगवेगळं ऐकताना ‘मी यातलं तिकडे सांगणार नाही, तुम्हीच समोर बसून सांगायचं’ हे पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट करावं. एकत्र बैठक चर्चमध्ये किंवा शाळेच्या खोलीत, कुणाच्याही घरी नाही. विषय एकच. जमिनीचा किंवा विश्वस्त निवडणुकीचा वाद असेल तर तो वाद पाळकाने सोडवायचाच नाही. फक्त बोलण्याची रीत सांभाळायची. सोडून गेलेल्या घराण्याला परत आणण्याची घाई नको. मंडळी बदलाचा दाखला मागितला तर आठवड्यात द्यावा, कुरबुर न करता. दाखला अडवून ठेवण्यातून पिढ्यान् पिढ्यांचे वैर झाले आहेत.

कोनशिला

वरचं सगळं पटलं, पण ‘मंडळीला किती सांगायचं’ याला माझं उत्तर आहे: काहीच नाही. गावाकडच्या मंडळीत पाळकाने व्यासपीठावरून कमजोरी बोलून दाखवली की पुढच्या सभेत तेच शब्द त्याच्यावर फेकले जातात. वडीलजनांना सांगावं, बिशपांना सांगावं, बस. पाळकावरचा विश्वास डळमळला तर नुकसान कळपाचं होतं.

जैतुनाची डहाळी

कोनशिला, तुमची भीती खरी आहे, पण ‘काहीच नाही’ हे फार झालं. मंडळीला घडलेलं माहीत असतंच, पाळक बोलत नाही एवढाच फरक पडतो. माप असं धरावं: ज्यांना झळ लागली त्यांना पूर्ण सांगायचं, ज्यांच्याकडे जबाबदारी आहे त्यांना कामापुरतं, बाकीच्यांना घटना आणि पुढचं पाऊल. घरसभा बंद झाली असेल तर सूचनांच्या वेळी चार वाक्यं: सभा बंद केली आहे, अमुक कारणाने, तिथली दोन कुटुंबं आता रविवारी इथे येतील, त्यांना ने-आण करायला तमुक बंधू आहेत, यात माझ्या नियोजनाची जी चूक झाली ती कमिटीपुढे मांडली आहे. एवढंच. व्यासपीठावर रडणं नको आणि उपदेशात आडून टोमणेही नकोत. आणि जे घरी आणि कमिटीत आधी बोललं गेलं नाही ते व्यासपीठावर पहिल्यांदा बोलायचं नाही.

रविवारच्या उपदेशाबद्दल गोदाकाठ यांनी विचारलं होतं. मन रिकामं असताना उताऱ्याची निवड स्वतः करू नये. चर्चने वर्षभरासाठी ठरवलेल्या वाचनक्रमात जे आहे ते घ्यावं. नाहीतर माणूस आपल्याच जखमेचा उतारा शोधतो. बारा मिनिटं पुरेत. जुना उपदेश नव्याने वाचून दिला तरी त्यात खोटेपणा नाही. स्तोत्र 42 किंवा 88 मंडळीकडून आळीपाळीने वाचून घ्यावं. 88 तर अंधारातच संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, हे पाळकाला आणि बाकावरच्या दहा जणांना त्या दिवशी पुरतं. पहिल्या चारांपैकी एक रविवार एखाद्या अनुभवी वडीलजनांनी उपदेश करावा आणि पाळकाने खाली बसून ऐकावा.

खजिनदार

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे, म्हणून लिहितो. ही सगळी चर्चा पोटतिडकीने काम करणाऱ्या पण कमी पडलेल्या पाळकाबद्दल चालली आहे. बैठकीत कुणीतरी हीच भाषा पैशाच्या किंवा अत्याचाराच्या प्रकरणाला लावेल. ते आधीच रोखा.

पैशाचं. गडबड बहुधा लबाडीने सुरू होत नाही, ‘पगार उशिरा आला, दानार्पणातून दोन हजार घेतो, पहिल्या तारखेला टाकतो’ इथून सुरू होते. म्हणून मोजणी उपासनेनंतर लगेच, चर्चमध्येच, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोघांनी करावी. नोटांच्या प्रकारानुसार आकडा लिहून दोघांची सही, आणि पुढच्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरणा. पाळकाने पेटीला हात लावू नये, मोजायलाही बसू नये. यात त्याच्यावर अविश्वास नाही, त्याचं रक्षण आहे. तरीही घडलं असेल तर खाजगी कबुलीवर भागत नाही. रक्कम लेखी मान्य करून परत करायची, लेखापरीक्षकाला सांगायचं, विश्वस्तांच्या सभेत नोंद करायची. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा 1950 खाली नोंदलेल्या ट्रस्टचा पैसा आहे तो. ‘आम्ही आपसात मिटवलं’ ही कुणाच्याही अधिकारातली गोष्ट नाही. जैतुनाची डहाळी यांच्या त्या कागदाबद्दलही एवढंच म्हणेन की जिथे पैसा किंवा दुसऱ्याला झालेली इजा आहे तिथे कबुलीचा कागद जपून ठेवायचा, नष्ट करायचा नाही.

लहान मुलाशी गैरवर्तन झाल्याचं कळलं तर चर्चची समिती नंतर. पॉक्सो कायदा 2012, कलम 19 प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइन 1098. मुलाच्या घरच्यांकडून क्षमेची मागणी करायची नाही, समेटाची बैठक बसवायची नाही.

क्षमा होणं आणि पद परत मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दावीद राजाने नाथान संदेष्ट्यासमोर आपलं पाप कबूल केलं, ‘परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे’ हे त्याच क्षणी ऐकलं, आणि परिणाम मात्र त्याला भोगावे लागले (2 शमुवेल 12). गलतीकरांस पत्रात (6:1) पडलेल्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा असं आहे. ‘सोमवारी पडला, रविवारी व्यासपीठावर’ असं नाही. प्रौढांमधल्या नैतिक पतनानंतर पुन्हा उभं करायचं असेल तर तीन ते पाच जणांचा गट हवा, त्यात किमान एक स्त्री आणि एक बाहेरच्या मंडळीतली व्यक्ती, लेखी अटी, उपदेश आणि संस्कारविधी बंद, समुपदेशन, ठरलेल्या तारखांना आढावा. काही बाबतींत पाळकीपद परत मिळूच नये आणि तरी त्या माणसाला मंडळीत भाऊ म्हणून जागा असावी. कृपा अशा माणसालाही आहे. व्यासपीठ हे तिचं माप नाही.

दुसरा मैल

खजिनदारांशी पूर्ण सहमत. दुखावलेल्या व्यक्तीची सुरक्षितता पहिली, पाळकाचं सावरणं नंतर.

ज्ञानोदयाचा वाचक

इतिहासातली उदाहरणं बैठकीत सांगणार असाल तर ती अर्धवट सांगू नका, एवढी विनंती. इंग्रज मिशनरी विल्यम केरी 1793 च्या नोव्हेंबरात बंगालला पोचले आणि त्यांचे पहिले बंगाली विश्वासणारे कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला 1800 च्या डिसेंबरात. सात वर्षं. मार्च 1812 मध्ये सेरामपूरचा त्यांचा छापखाना जळाला, कित्येक वर्षांची हस्तलिखितं गेली, आणि काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. आपल्याला हे जवळचं आहे, कारण 1805 चं मराठी व्याकरण याच केरींचं. पण हीच गोष्ट ‘बघा, किती चिकाटी’ म्हणून सांगताना त्यांच्या पत्नी डोरोथी केरी गाळल्या जातात. 1794 ला त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, त्यांचं मन ढळलं ते सावरलंच नाही, 1807 ला त्या वारल्या. पतीच्या चिकाटीची किंमत दुसऱ्या खोलीत कुणीतरी मोजत होतं. तरुण पाळकांना दोन्ही सांगा.

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल 1813 ला मुंबईत उतरले आणि 1826 ला नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेले. तेरा वर्षांत बाप्तिस्मे हातावर मोजण्याइतके. अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं केंद्र सुरू झालं 1831 ला, म्हणजे ते त्यांनी पाहिलंही नाही.

आणि आपले कवी ना. वा. टिळक. 1895 ला बाप्तिस्मा, 1917 ला मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तानुयायांचा समुदाय काढला, 1919 ला ते गेले. दरबार त्यांच्या मनात होता तसा उभा राहिला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. गंमत म्हणजे, ज्या कामाला ते शेवटी सर्वस्व मानत होते ते मागे पडलं आणि जाता-येता रचलेली पदं आजही ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून दर रविवारी गायली जातात. आपल्या कामातलं काय टिकणार हे करणाऱ्याला कळत नसतं, म्हणून स्वतःचा हिशेब स्वतः पुरा करायला बसू नये.

शास्त्रातलं उदाहरण हवं तर पेत्रापेक्षा योहान मार्क घ्या. पौल आणि बर्णबा यांच्या सेवादौऱ्यात पंफुल्यातल्या पिर्गा इथून तो परत फिरला, पौलाने त्याला पुन्हा सोबत घ्यायला नकार दिला, बर्णबाने घेतलं, आणि त्यावरून दोघे वेगळे झाले (कृत्ये 13 व 15). पुढे तोच पौल त्याला घेऊन ये म्हणतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11). तुमच्या भागात आज बर्णबा कोण आहे, हा प्रश्न ज्येष्ठ पाळकांनाच विचारा. तरुणांना सहनशीलता शिकवण्याआधी हे झालं पाहिजे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. खजिनदारांचा मुद्दा बैठकीच्या सुरुवातीलाच घेतो. एकच राहिलं: घरसभा बंद करायचीच असेल तर ती कशी करावी? आमच्याकडे त्या नुसत्या विरतात. एका आठवड्याला कुणी येत नाही, पुढच्या आठवड्याला पाळक जात नाही.

घरभेट

विरू देऊ नका. विरलेल्या सभेचं ओझं पाळकाच्या आणि त्या कुटुंबांच्या मनावर वर्षानुवर्षं राहतं. शेवटची तारीख ठरवा आणि महिनाभर आधी जाहीर करा. त्याआधी प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र भेटून विचारा, पुढे कुठे जाल? येण्या-जाण्याची अडचण असेल तर ती शेवटच्या सभेपूर्वी सोडवा. आर्थिक बाकी असेल, चटया, ढोलकी, खुर्च्या, कपाट, याची यादी करून कुणाकडे काय गेलं ते दोन सह्यांनी लिहा. बाप्तिस्मा आणि सभासदांच्या नोंदी मुख्य मंडळीच्या रजिस्टरात चढवा. मुलांचे दाखले पुढे लग्नाच्या वेळी लागतात आणि तेव्हा कुणालाच सापडत नाहीत.

शेवटची सभा रडगाण्याची नको. त्या घरात जी लग्नं ठरली, जे बाप्तिस्मे झाले, जी माणसं बरी झाली, जी गेली, त्यांची नावं घेऊन उपकारस्तुती करावी. ज्यांनी घर उघडलं त्यांचे आभार सगळ्यांसमोर मानावेत, विशेषतः त्या घरच्या बाईंचे. दोन-तीन वर्षं दर आठवड्याला वीस माणसांचा चहा त्यांनी केलेला असतो. शेवटी पाळकाने एका वाक्यात सांगावं की ही सभा आपण आज प्रभूच्या हाती देत आहोत, आणि आशीर्वाद द्यावा. मग सगळ्यांनी मिळून जेवावं.

आणि पाळकीणबाईंना विसरू नका. घरसभेची मुलं त्यांनी सांभाळलेली असतात, गाणी शिकवलेली असतात, आणि सभा बंद झाल्यावर त्यांचं सांत्वन करायला कुणी येत नाही. घरी पाळकाचं ओझं ऐकायचं, बाहेर हसत राहायचं. त्यांना ऐकणारी व्यक्ती पाळकाच्या मंडळीबाहेरची हवी. दुसऱ्या मंडळीच्या ज्येष्ठ पाळकीणबाई असतील तर उत्तम. तुमच्या बैठकीला जोडप्यांना बोलवा, आणि त्या अर्ध्या दिवसातला एक तास बायकांचा स्वतंत्र ठेवा.